बिलिंग सॉफ्टवेअर घेताय? हा एक प्रश्न विचाराच

२२ सप्टेंबर २०२५ ला साबण-शाम्पूचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. माझ्या दुकानात काउंटरचं बिल लगेच बदललं, पण होम डिलिव्हरीचं बिल चार दिवस जुन्याच दराने निघत होतं. गिऱ्हाइकांना फोन करकरून पैसे परत दिले. कारण काय? टॅक्सचा हिशोब दोन्हीकडे वेगवेगळा, कॉपी-पेस्ट केलेला!

माझं सॉफ्टवेअर पीएचपीत आहे. त्यात २०१२ पासून, म्हणजे ५.४ व्हर्जनपासून, यासाठी 'ट्रेट' आहे. काही भाषांत यालाच 'रोल' म्हणतात. टॅक्सचं काम एकदाच लिहायचं आणि ज्या क्लासला लागेल त्यात एका ओळीत जोडायचं. मग पॅरेंट क्लास का नको? पीएचपीत क्लासला पॅरेंट एकच मिळतो, आणि डिलिव्हरीच्या क्लासला तो आधीच होता. ट्रेट हवे तेवढे जोडा. दोन ट्रेटमध्ये एकाच नावाची मेथड आली, तर कोणती चालवायची ते सांगेपर्यंत प्रोग्राम अडून बसतो. मला हेच जास्त आवडतं, निदान गुपचूप चुकीचं बिल तरी निघत नाही.

"हे डेव्हलपरचं काम" म्हणून सोडू नका, पैसे आपले जातात. ॲडव्हान्स देण्याआधी विचारा, टॅक्सचा हिशोब किती ठिकाणी लिहिलाय? मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "बघून सांगतो."