दर्जाचा तारा आणि बाईचा खिसा

अमेरिकेत नोकरदार कुटुंबाला दर वर्षी आरोग्यविम्याची योजना निवडावी लागते. हल्ली माहितीपत्रकांत एक आश्वासन ठळक असतं : 'दर्जेदार डॉक्टरांचं नेटवर्क'. म्हणजे विमा कंपनी डॉक्टर आणि रुग्णालयं पारखते, त्यांतली चांगली आणि किफायतशीर ठरतील त्यांच्या नावापुढे तारा लावते. यादीतल्या डॉक्टरकडे गेलात तर खर्च कमी, बाहेर गेलात तर जास्त.

कल्पना वाईट नाही. चांगला डॉक्टर कोण, हे कुणाला नको असतं? पण हे नेटवर्क अनेकदा मोठ्या 'डिडक्टिबल'च्या योजनेला जोडलेलं असतं. डिडक्टिबल म्हणजे कंपनीने पैसे द्यायला सुरुवात करण्याआधी आपण दर वर्षी स्वतः भरायची रक्कम. अशा योजनेत २०२६ साली ती कुटुंबामागे किमान ३,४०० डॉलर आहे. म्हणजे यादीत उत्तम डॉक्टर आहे, पण त्याच्याकडे जायचं तर आधी आपलीच पर्स उघडायची.

खिशातून पैसे जाणार म्हटलं की माणूस विचार करून उपचार घेतो, असं या योजनांचे समर्थक म्हणतात. बाया खरोखर काय करतात? त्या थांबतात. २०१९ साली 'हेल्थ अफेअर्स' या नियतकालिकात स्तनांच्या कर्करोगाविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मालकाने योजना बदलल्यामुळे मोठं डिडक्टिबल वाट्याला आलेल्या कमी उत्पन्नाच्या स्त्रियांची पहिली बायोप्सी २.७ महिने आणि पहिली केमोथेरपी ८.७ महिने उशिरा झाली. बऱ्या उत्पन्नाच्या स्त्रियांनाही उशीर झालाच. कर्करोग काही डिडक्टिबल भरून होईपर्यंत वाट पाहत नाही.

त्यात हा खर्च घराचा असतो, आणि घरात कुणाचं दुखणं आधी, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. मुलाचा मोडलेला हात, नवऱ्याची पाठ, मग उरलं तर तिची गाठ. या योजनेसोबत करसवलतीचं आरोग्य बचत खातं मिळतं. तेही कायद्याने एकाच व्यक्तीच्या नावावर असतं, दोघांचं मिळून काढता येत नाही. नवऱ्याच्या नोकरीमागे तिथे गेलेल्या आपल्या कितीतरी मुलींचा विमा नवऱ्याच्या कंपनीचा असतो, खातं त्याच्या नावावर असतं आणि उपचारांच्या खर्चाचा तपशील बहुधा त्याच्याच नावाने येतो. समाजकार्यकर्ती म्हणून मला यादीतल्या ताऱ्यांपेक्षा ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

आता त्या ताऱ्याविषयी. दर्जा ठरवतं कोण? २००७ साली न्यूयॉर्कचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी नेमका हाच प्रश्न विचारला. स्वस्त डॉक्टरलाच चांगला ठरवून रुग्णांची दिशाभूल होते, असा त्यांचा आक्षेप होता. त्यानंतर केवळ खर्चावर क्रमवारी लावणार नाही आणि तिच्यात खर्चाला किती वजन दिलं ते सांगू, असं मोठ्या विमा कंपन्यांना मान्य करावं लागलं.

पण बाईचा दर्जा यात कुठे आहे? कॅथलिक बिशपांच्या नियमावलीवर चालणाऱ्या रुग्णालयांत संततिनियमनासाठी स्त्रीच्या नसबंदीला मनाई असते. सिझेरियनच्या वेळीच नसबंदी करून हवी असलेल्या बाईला दुसरीकडे जाऊन पुन्हा भूल, पुन्हा ऑपरेशन सोसावं लागतं. रुग्णालयाचा तारा हे सांगत नाही. २०२३ साली अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे १४.५ गोऱ्या माता दगावल्या, काळ्या माता ५०.३. सरासरीवर मिळालेला तारा तिथे कुणाला काय वागणूक मिळते, तेही सांगत नाही.

काही पदरात पडलं आहे, ते मान्य करायला हवं. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यामुळे मॅमोग्राफीसारख्या प्रतिबंधक तपासण्या नेटवर्कमध्ये बहुतेक विमाधारकांना विनाखर्च मिळतात. नेहमीच्या मॅमोग्राफीत शंका आली तर पुढच्या आवश्यक तपासण्याही २०२६ पासून सर्वसाधारण जोखमीच्या स्त्रियांसाठी त्यात आल्या आहेत. पण जिला स्वतःलाच गाठ लागली, तिची तपासणी प्रतिबंधक ठरत नाही. आणि निदान झाल्यानंतरचे उपचार डिडक्टिबलच्या कचाट्यातच राहतात.

हे दूरचं वाटू देऊ नका. आपल्याकडच्या टॉप-अप पॉलिसींतही डिडक्टिबल आहे, 'नेटवर्क हॉस्पिटल' तर घराघरांत पोचलं आहे. तेव्हा मागण्या आत्ताच स्पष्ट हव्यात. गाठीची तपासणी आणि बाळंतपण यांच्या आड पहिला खर्च येऊ नये. दर्जाचे निकष उघड असावेत आणि ते ठरवताना बायांना विचारावं. अमुक रुग्णालयात स्त्रियांचे कोणते उपचार होत नाहीत, ते यादीतच छापावं. विमाधारक नवरा असला तरी तिच्या उपचारांची कागदपत्रं तिच्याच हाती पडावीत.

चांगला डॉक्टर यादीत असून भागत नाही. बाईला त्याच्यापर्यंत वेळेवर पोचता आलं, तरच त्याला दर्जा म्हणायचं.