मूळ पोथी कुठे आहे?

मराठीच्या मास्तराला एक खोड असते. समोर कसलाही मजकूर आला, की त्याचा हात आधी तांबड्या पेन्सिलीकडे जातो. लग्नपत्रिकेतली ऱ्हस्वदीर्घाची चूक मला पंगतीत जिलेबी गोड लागू देत नाही. जून २०१८च्या अखेरीस माझ्या मोबाईलवर एक निरोप आला. मुले पळवणारी टोळी आपल्या जिल्ह्यात शिरली आहे, भिक्षेकऱ्यांच्या वेषात हिंडते आहे, सर्वांना कळवा! त्यात ‘जिल्ह्यात’ हा शब्द चुकीचा लिहिला होता. मी तो दुरुस्त केला आणि निरोप आमच्या गल्लीतल्या चाळीस घरांना पाठवून दिला.

शुद्धलेखन तपासले, खरेखोटे तपासले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला म्हणाला, “सर, तुमी धाडलं म्हून खरंच मानलं. पोराले शाळेत नाई जाऊ देल्लं.” मला थोडे बरेही वाटले, हे कबूल केले पाहिजे. दुपारी मात्र दरवर्षी येणाऱ्या नंदीबैलवाल्याला गल्लीतल्या पोरांनी घेरले. “कुठला तू? कार्ड दाखव!” असा गलका झाला. शेजारच्या काकू सूप हातात घेऊन धावत आल्या, “अरे, हा आपला नेहमीचा!” म्हणाल्या, म्हणून तो सुटला. जाताना त्याने बैलाच्या गळ्यातली घुंगरे मुठीत दाबून धरली होती. वाजू नयेत म्हणून.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. तिथे आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकले. त्यांना ओळखणारी काकू तिथे कोणी नव्हती. ती बातमी वाचताना चहा माझ्या घशाखाली उतरला नाही. माझा निरोप राईनपाड्याला गेला नसेल. पण तो होता त्याच जातीचा.

त्या दिवसांत एक चित्रफीतही देशभर फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरचे मूल उचलून पळतात, असे तीत दिसे. ती होती कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात! मूळ फितीच्या शेवटी ते मूल परत आणून सोडतात. कोणीतरी तेवढा शेवटच कापला होता.

आता गंमत पाहा. वर्गात मी मोठ्या अभिमानाने सांगतो, की एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. प्रत कोणाच्या हातची, केव्हाची, इतर प्रतींत हा पाठ आहे का, की कोणी मागाहून घुसडला, हे प्रश्न मी मुलांकडून घोकून घेतो. आणि खिशातल्या पोथीला मात्र यातला एकही प्रश्न विचारत नाही!

तेव्हापासून विचारू लागलो. चित्र आले, की ते गूगल लेन्सला दाखवावे. आधी कुठे छापले होते ते पुष्कळदा कळते. ‘बूम’, ‘अल्ट न्यूज’ अशी तपासनीस मंडळीही आहेत. त्यांचाही शब्द डोळे मिटून घेऊ नये, पुरावा दाखवतात का ते पाहावे. सरकारी योजनेचा निरोप असेल, तर पत्र सूचना कार्यालयाचा तपासणी विभाग २०१९ पासून हे काम करतो. मात्र सरकारबद्दलचे खरेखोटे सरकारनेच ठरवावे, हा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला, हेही ध्यानात असू द्यावे.

उमेदवाराबद्दल कोणी काही सांगितले, तर त्याचे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर वाचायला मिळते. मालमत्ता, कर्ज, खटले, शिक्षण, सारे त्याच्याच सहीनिशी. नगरपालिकेच्या रस्त्याचा खर्च हवा, तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्राने हा कायदा २००२ मध्येच केला, देशाचा २००५चा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आणि प्रश्न कोणाच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा असेल, तर ४८ तास. अधिकाऱ्याने वा पोलिसाने माणसाचा हक्क तुडवला, तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे वर्षाच्या आत विनाशुल्क तक्रार करता येते.

“एवढा खटाटोप कोण करतो?” असे आमच्या घरातच विचारतात. त्यावर मी बाहेर बोट दाखवतो. मे २०२३ मध्ये आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दंगल उसळली आणि एक जीव गेला. आठवडाभर खटाटोपच चालला होता. पण तो पोलिसांचा, दवाखान्यांचा आणि रोजी बुडालेल्या माणसांचा.

राईनपाड्यानंतर मी त्या चाळीस घरांना चूक कबूल करणारा निरोप धाडला. या खेपेस शुद्धलेखनही बिनचूक होते. तो किती जणांनी वाचला कोण जाणे. पुढे मात्र एकानेही पाठवला नाही. चुकीच्या निरोपाला पाय असतात, दुरुस्तीला नसतात.

गेल्या दिवाळीत दूधवाला फराळाला आला. मोबाईल पुढे करून म्हणाला, “सर, हे धाडू काय पुढं?” कुठलेसे चित्र होते, रस्त्यावर जळणाऱ्या गाडीचे. मी म्हणालो, “बस. आधी दोघं मिळून पाहू.” चकली संपेपर्यंत कळले, की चित्र दुसऱ्याच राज्यातले आणि फार जुने आहे. त्याने ते पुसून टाकले आणि म्हणाला, “तवाही असंच पाह्यलं असतं तर, सर?”

मी उत्तर दिले नाही. नंदीबैलवाला त्यानंतर आमच्या गल्लीत आलेला नाही. घुंगरांचा आवाज आला, की मी अजून दारापर्यंत जाऊन पाहतो.