नोंदवहीत कोणाचे नाव?



स्त्रीचळवळीचा बराचसा इतिहास हा नोंदींसाठी केलेल्या झगड्याचा इतिहास आहे. रोजगार हमीच्या हजेरीपटावर बाईचे नाव स्वतंत्रपणे लागावे, सातबाऱ्यावर यावे, रेशनकार्डावर तिला कुटुंबप्रमुख म्हणून मान्यता मिळावी, यासाठी आपण मोर्चे काढले, तहसील कचेरीपुढे ठिय्या दिला. नाव लागले म्हणजे सगळे मिळते असे नाही. पण नावच नसेल तर मागायलाही जागा उरत नाही.

या अंकात अशाच एका नोंदवहीबद्दल बोलायचे आहे, जिच्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत किरणोत्सारी पदार्थ वापरून संशोधन चालते. असे काम कोण करते आणि कोणत्या प्रकल्पासाठी करते, याची नोंद ठेवावी लागते. हा विषय शास्त्रज्ञांचा, त्यात आपण काय बोलणार, असे काहीजणींना वाटेल. पण ही नोंद तुटली की काय होते, ते २०१० साली दिल्लीच्या भंगार बाजारात दिसले.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेले गॅमा सेल नावाचे एक यंत्र होते. १९६८ पासून ते विद्यापीठाकडे होते. त्यात शिशाच्या जाड कवचाआड कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. १९८५ नंतर यंत्राचा वापर थांबला आणि ते पडून राहिले. पंचवीस वर्षांत त्याच्या पोटात काय आहे याचाच विद्यापीठाला विसर पडला. फेब्रुवारी २०१० मध्ये, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी न घेता, ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीतल्या कामगारांनी नेहमीच्या लोखंडासारखे ते तोडले. कोबाल्टचे तुकडे झाले. एक तुकडा तर एका दुकानदाराच्या पाकिटात जाऊन बसला. कोबाल्ट-६० चा जोर दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. तो सात-आठ वेळा निम्मा होऊनही जे उरले, ते माणूस मारायला पुरेसे होते. एक कामगार दगावला, सातजणांना इस्पितळात दाखल करावे लागले.

या अपघाताला निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येणार नाही. यंत्र विकत घेताना कागद झाले, लिलाव करतानाही कागद झाले. मधल्या काळात यंत्राची जबाबदारी कोणाची, हे सांगणारा कागद मात्र कोणी सांभाळला नाही. आणि त्याची किंमत विद्यापीठाच्या कोणत्याही यादीत नाव नसलेल्या माणसांनी मोजली.

म्हणून ही नोंद काय असते ते समजून घेऊ. तिचे दोन भाग आहेत. पहिला प्रकल्पाचा: कोणता पदार्थ, किती, कोणत्या खोलीत, कशासाठी, उरलेल्याचे काय करणार, आणि काम संपल्यावर कोणाच्या हवाली करणार. दुसरा माणसाचा: नाव, प्रशिक्षण, आधीच्या ठिकाणी किती किरणोत्सार झेलला, आणि आता किती झेलते आहे. यासाठी छातीवर टीएलडी नावाचा छोटा बॅज लावतात. साधारण दर तीन महिन्यांनी तो तपासून त्या काळातला आकडा काढला जातो. संस्थेत एक किरणोत्सार सुरक्षा अधिकारी असावा लागतो. किरणोत्सारात काम करणाऱ्यांसाठी भारतात वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षी ३० आणि पाच वर्षांत मिळून १०० अशी मर्यादा आहे. सामान्य नागरिकांसाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. म्हणजे नोंद झालेल्या माणसाला जास्त किरणोत्सार झेलण्याची परवानगी मिळते, आणि त्या बदल्यात मोजमापाचा, प्रशिक्षणाचा व माहितीचा हक्क मिळतो.

मग नोंद न झालेली, पण त्याच खोलीत वावरणारी बाई कोणत्या रकान्यात बसते? प्रयोगशाळेची फरशी पुसणारी, बेसिन धुणारी, कचऱ्याचा डबा उचलणारी कंत्राटी कामगार बहुतेक वेळा बाईच असते. तिचे नाव कंत्राटदाराच्या वहीत असते, विद्यापीठाच्या नाही. दारावर तीन पाकळ्यांचे चिन्ह लावलेले असते. पण त्याचा अर्थ तिला समजेल अशा भाषेत कोणी सांगितला का? खरे तर पर्याय दोनच आहेत. एक तर तिला त्या खोलीत काम सांगू नये, आणि सांगायचेच असेल तर तिला शिकवावे, तिची नोंद करावी, तिला बॅज द्यावा. तिसरा पर्याय, म्हणजे काम करून घ्यायचे आणि नाव लिहायचे नाही, हा शोषणाचाच प्रकार आहे.

संशोधक विद्यार्थिनींचा प्रश्न वेगळा आहे. त्यांचे नाव नोंदवहीत असते. पण प्रबंध, फेलोशिप आणि शिफारसपत्र हे सगळे एकाच गाईडच्या हातात असते. बॅजचा आकडा विचारणे म्हणजे गाईडवर अविश्वास दाखवणे, असे वातावरण असेल तर कोण विचारेल? शिवाय बॅज सगळेच टिपत नाही. ट्रिशियम किंवा कार्बन-१४ यांचे क्षीण किरण त्याला कळत नाहीत. तिथे टेबलाची, हातांची आणि गरजेप्रमाणे लघवीची तपासणी लागते. नुसता बॅज देऊन संस्थेची जबाबदारी संपत नाही.

सर्वांत नाजूक मुद्दा गरोदरपणाचा. गर्भासाठीची मर्यादा उरलेल्या गरोदरपणाच्या काळात मिळून १ मिलिसिव्हर्ट, म्हणजे बाहेरच्या कोणाही नागरिकाइतकीच आहे. २००४ च्या किरणोत्सार संरक्षण नियमांनुसार दिवस गेल्याचे कळताच स्त्रीने मालकाला आणि सुरक्षा अधिकाऱ्याला सांगायचे असते, म्हणजे तिच्या कामात आवश्यक ते बदल करता येतील. नियम योग्यच आहे. पण सांगितल्यावर प्रकल्पातून नाव कटणार असेल, कंत्राटाची मुदत वाढणार नसेल, तर बाई गप्प बसली यात नवल काय? आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निकष स्पष्ट आहेत: गरोदरपणाची सूचना हे स्त्रीला कामावरून दूर करण्याचे कारण मानू नये, काम तिच्या स्थितीला जुळवून घ्यावे. संरक्षणाच्या नावाखाली बायकांना चांगल्या पगाराच्या कामातून वगळण्याचा अनुभव जुना आहे. अमेरिकेत शिशाच्या बॅटऱ्या बनवणाऱ्या एका कंपनीने मूल होऊ शकेल अशा सर्वच स्त्रियांना ते काम बंद केले होते. १९९१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे धोरण बेकायदा ठरवले. आपली भूमिकाही तीच हवी. धोका कामाच्या जागेतून काढा, बाईला कामातून काढू नका.

नोंद नुसती असून भागत नाही, ती खरी आणि आपल्या हाती असावी लागते. १९२० च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी तरुण मुली घड्याळांच्या तबकड्या रेडियमच्या रंगाने रंगवत. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवले होते. त्याच कारखान्यातले रसायनतज्ज्ञ मात्र चिमटे आणि शिशाचे पडदे वापरत. मुलींचे जबडे सडू लागले. कंपनीने हार्वर्ड विद्यापीठाच्या तज्ज्ञांकडून तपासणी करवली, पण प्रतिकूल निष्कर्ष दडपला आणि सरकारला उलटेच कळवले. पाचजणी कोर्टात गेल्या, तेव्हा १९२८ मध्ये तडजोड होऊन भरपाई मिळाली. तपासणी मुलींच्या शरीरांची झाली होती, पण अहवाल मालकाच्या कपाटात होता.

विद्यापीठाने मनावर घेतले तर उलटेही घडते. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या पुण्यातल्या बायकांची पंचायत १९९३ साली उभी राहिली, ती एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाच्या कामातून. पुढे पुणे महापालिकेने या बायकांची ओळखपत्रे मान्य केली. कचऱ्याच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या बाईचे नाव लिहिता येते, हे विद्यापीठातल्या माणसांनीच दाखवून दिले आहे.

आपल्या मागण्या साध्या आहेत:

१. किरणोत्सारी पदार्थ असलेल्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची, कंत्राटी असली तरी, नोंद आणि तिच्या भाषेत प्रशिक्षण व्हावे.

२. बॅजचा अहवाल दर वेळी लेखी स्वरूपात तिच्या हातात द्यावा, आणि काम सोडताना पूर्ण नोंदीची प्रत द्यावी. कर्करोग वीस-तीस वर्षांनीही उद्भवतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय निकषांनुसार ही नोंद व्यक्ती ७५ वर्षांची होईपर्यंत आणि काम सुटल्यावर किमान ३० वर्षे जपायची असते.

३. गरोदरपण कळवल्यावर फेलोशिप, पगार, कंत्राट किंवा प्रबंधाची मुदत यांना धक्का लागणार नाही, असे लेखी आश्वासन विद्यापीठाने द्यावे. अंगावर पाजणाऱ्या आयांनाही हे लागू व्हावे, कारण शरीरात गेलेले किरणोत्सारी आयोडिन दुधात उतरते.

४. प्राध्यापक निवृत्त झाले किंवा प्रकल्प संपला तरी पदार्थाची नोंद बंद होऊ नये. तो कोणाच्या हवाली झाला हे लिहिल्याशिवाय खोलीची किल्ली परत घेऊ नये, आणि भंगाराच्या यादीवर सुरक्षा अधिकाऱ्याची सही असावी.

ज्यांच्या गावात विद्यापीठ किंवा संशोधन संस्था आहे, त्या गटांनी तिथल्या सफाई कामगार आणि विद्यार्थिनींशी बोलायला सुरुवात करावी. सुरक्षा अधिकारी कोण, त्यांच्या यादीत किती नावे आहेत, त्यांत कंत्राटी कामगार किती, हे तीन प्रश्न आधी तोंडी विचारा. उत्तर मिळाले नाही तर सरकारी संस्थेकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. आलेली उत्तरे आम्हाला कळवा. पुढच्या अंकात ती सगळ्यांसमोर ठेवू.