सुरंगी: वेचणारे पुष्कळ, लावणारे किती?

माघ सरत आला की फोंडा, म्हापसा, मडगावच्या बाजारात फुले विकणाऱ्या बायकांच्या टोपल्यांत पिवळसर पांढरे, घट्ट ओवलेले वळेसर दिसू लागतात. सुरंगीचा हंगाम आल्याचे मग वेगळे सांगावे लागत नाही; वाऱ्याची झुळूकच ते सांगते. देवीच्या मूर्तीवर आणि सुवासिनींच्या केसांत मिरवणारे हे फूल सुकले तरी गंध सोडत नाही. परंतु ज्या फुलाचे आपण इतके कोडकौतुक करतो, त्याचे झाड स्वतःच्या हाताने लावलेला माणूस आपल्या परिचयात किती जणांच्या असेल? हा प्रश्न अप्रिय असला, तरी विचारणे प्राप्त आहे.

सुरंगी हा सह्याद्रीच्या आणि पश्चिम किनाऱ्याच्या मातीतला सदाहरित वृक्ष. उंडी आणि नागचाफा हे त्याचे सगोत्र. याची फुले शेंड्यावर न येता जून फांद्यांना झुबक्यांनी लगडतात आणि ती उमलण्याच्या आत, भल्या पहाटे खुडावी लागतात. सुकवलेल्या कळ्यांना अत्तराच्या व्यवसायात मागणी आहे. औषधी बाजारात त्या लाल नागकेशर म्हणून विकल्या जातात. वेंगुर्ले तालुक्यातील आसोलीसारख्या गावांत आणि आपल्याकडेही अनेक कष्टकरी कुटुंबांना या दोन-अडीच महिन्यांत चार पैसे मिळतात. त्या कमाईकडे वाकड्या नजरेने पाहण्याचा अधिकार कोणालाच नाही.

दुखणे वेगळेच आहे. कळी खुडली की फळ नाही. फळ नाही तर बी नाही आणि बी नाही तर रोप नाही. त्यात घाईपोटी फांद्याच मोडल्या, तर पुढच्या वर्षीचा बहरही गेला. शिवाय सुरंगीच्या काही झाडांना केवळ नरफुलेच येतात. त्यांना फळ धरत नाही. म्हणजे आज आपण जी फुले माळतो, ती बहुतांशी पूर्वजांनी राखलेल्या किंवा पाखरांनी रुजवलेल्या झाडांची. वाडवडिलांच्या ठेवीवर घर चालवायचे आणि त्यात भर मात्र घालायची नाही, असा हा व्यवहार आहे.

बकुळीची गोष्ट निराळी. तिला आपल्यावाचून अडत नाही. हैदराबादच्या बरकतपुऱ्यात वर्षभर मिळून जितका पाऊस पडतो, त्याहून अधिक पणजीला सरासरीने एकट्या जुलैत पडतो. तरीही बकुळ त्या कोरड्या पठारावर फुलते आणि तेलुगू माणूस तिला पोगड म्हणून ओळखतो. सुरंगीला मात्र आपलीच दमट हवा आणि आपलीच जांभी जमीन मानवते. तिला आपण सांभाळले नाही, तर अन्य कोणी सांभाळील अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही.

आणि तिला सांभाळणे अवघडही नाही. बी ताजे असतानाच पेरावे, पहिली काही वर्षे रोपाला विरळ सावली द्यावी, दोन हात खड्ड्यात पालापाचोळ्याचे खत भरून मृगाच्या पावसाबरोबर लागवड करावी. दमट प्रदेशात झाडे पाण्यावाचून मरतात त्याहून अधिक साचलेल्या पाण्याने कुजतात. म्हणून बुंध्याशी मातीची उंचवटी हवी आणि पाण्याला वाट हवी. पहिले दोन-तीन उन्हाळे मात्र पाणी तोडू नये. बियांच्या रोपाला फुलायला बरीच वर्षे लागतात आणि झाड नर निघेल की फळ धरणारे, हे तोवर कळत नाही. त्यावर कलम हा उपाय आहे. कोकमाचीही नर-मादीची हीच अडचण कलमांनी दूर केली. पोर्तुगीज काळापासून आंब्याची कलमे बांधणाऱ्या या भूमीला ही विद्या शिकवायला नको.

उणीव आहे ती इच्छेची. १९५० साली सुरू झालेला वनमहोत्सव आपण दर जुलैत साजरा करतो. पण रस्त्याच्या कडेला लावतो तो मादागास्करचा गुलमोहर, आणि उजाड डोंगरांवर लावला तो ऑस्ट्रेलियाचा अकेशिया. झाड तोडण्यास परवानगी मिळालेल्याने बदली झाडे लावली पाहिजेत, असे १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा सांगतो. ती झाडे सुरंगीची, बकुळीची असावीत, असा आग्रह अधिकाऱ्यांनी का धरू नये? वनखात्याने आपल्या रोपवाटिकांत सुरंगीची कलमे मुबलक ठेवावीत.

तथापि सर्व भार सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. मार्दोळला श्रीमहालसेच्या जायांच्या पूजेमुळे भोवतालच्या परिसरात जाईची लागवड टिकून राहिली. जिथे फुलाला मानाचे स्थान मिळाले, तिथे ते लावणारे हातही पुढे आले. आमच्या देवस्थानांच्या महाजनांनी मनावर घेतले, तर प्रत्येक मंदिराच्या आवारात सुरंगीची पाच झाडे उभी राहू शकतील. फुले वेचणाऱ्यांनीही प्रत्येक झाडावरची एखादी फांदी न खुडता फळांसाठी राखावी; तो त्यांच्याच उद्याच्या मिळकतीचा विमा आहे.

देवीला फूल वाहणे ही भक्ती खरीच. पण ते फूल नातवंडांनाही वाहता यावे म्हणून झाड लावणे, ही त्याहून मोठी भक्ती होय. येत्या मृगाला किती खड्डे खणले जातात, ते आम्ही पाहणार आहोत.