मुठी सोडायला शिकूया

‘छातीत धडधडतंय’, ‘जीव घाबरा होतोय’, ‘पोटात गोळा आलाय’... आपण बायका चिंता सांगतो ती अशी, शरीराच्या भाषेत. त्यावर घरातून उत्तर येतं, ‘पित्त झालं असेल, पड जरा.’ पण पडायला वेळ कुणाला असतो?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आपल्या अलिबागजवळच किनाऱ्याला धडकलं. पत्रे उडाले, नारळी-पोफळी आडव्या झाल्या. वाड्यांत पुन्हा रोपं लागली. पण जूनमध्ये वारा सुटला की आजही काहीजणींचे खांदे आपोआप वर चढतात, दात आवळले जातात. मन विसरलं तरी अंग विसरत नाही.

हीच गाठ शिकागोच्या डॉ. एडमंड जेकबसन यांनी ओळखली होती. स्नायू सैल असतील तर मनही ताणलेलं राहत नाही, हे सूत्र धरून त्यांनी १९२९ मध्ये क्रमाक्रमाने स्नायू शिथिल करण्याच्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. आपल्याकडचं शवासन याच्याच जवळचं. केईएमचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून १९६९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कित्येकांचा रक्तदाब उतरला, काहींची औषधं कमी करता आली. तेव्हा हे ‘नुसतं पडून राहणं’ नव्हे!

कृती अगदी सोपी. चटईवर उताणं पडा किंवा खुर्चीत टेकून बसा. पावलांपासून सुरुवात करा. बोटं पाच-सात सेकंद आवळा, मग एकदम सोडा आणि पंधरा-वीस सेकंद तो सैलपणा नुसता अनुभवा. मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा, कपाळ. श्वास कोंडू नका. जिथे दुखणं असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तो भाग आवळू नका. पंधरा मिनिटं पुरतात, मात्र रोज हवीत. चिंता उफाळल्यावर पहिल्यांदा करायला गेलं तर जमत नाही. पोहणं शांत पाण्यातच शिकतात ना!

माझं म्हणणं एवढंच, की या पंधरा मिनिटांना घरात मान हवा. बचतगटाच्या बैठकीत हा विषय काढला की हमखास ऐकू येतं, ‘ताई, दार लावून पडले तर सासूबाई काय म्हणतील?’ देवपूजेला बसलेल्या बाईला कुणी हाक मारत नाही. तोच नियम इथेही लावा की! कुकरची शिट्टी कुणीही मोजू शकतं.

अर्थात, हा सगळ्यावरचा उतारा नव्हे. दारुडा नवरा किंवा कर्जाचा हप्ता स्नायू सैल केल्याने जात नाही. झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. छातीत दुखलं तर ‘टेन्शन’ म्हणून घरी बसू नका. चालू गोळ्याही मनाने बंद करू नका.

मैत्रिणींनो, दिवसभर सगळ्यांसाठी पदर खोचून उभ्या असता. पंधरा मिनिटं तो सैल सोडला तर घर कोसळत नाही.