खाचरातल्या शेवाळाला नाव हवं

लावणी उरकली, खाचरात पाणी स्थिरावलं की काही दिवसांत त्यावर हिरवट-निळसर थर धरू लागतो. रोपवाटिकेत तो दाट झाला तर कोवळी रोपं दडपतो, म्हणून शेतकऱ्याचा त्याच्यावर रागच. पण याच थरातले काही सूक्ष्म जीव हवेतला नत्र धरून भाताला पुरवतात. पी. के. डे यांनी भातखाचरांच्या मातीवर प्रयोग करून १९३९ मध्ये हे दाखवून दिलं. हंगामाला हेक्टरी २० ते ३० किलो नत्र यातून मिळू शकतो, असं मानलं जातं.

हे काम कोण करतं, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघावं. नील-हरित शेवाळाचा एक तंतू घ्या. एकसारख्या हिरव्या पेशी माळेतल्या मण्यांसारख्या लागलेल्या दिसतात. मध्येच एखादी पेशी फिकट, पिवळसर, जाड भिंतीची असते आणि शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या टोकांशी तिच्यात दोन चकाकते ठिपके असतात. नत्र पकडला जातो तो इथे. ज्या विकरामुळे हे घडतं ते प्राणवायू लागला की निकामी होतं. म्हणून ही पेशी प्राणवायू तयारच करत नाही आणि बाहेरचाही सहजासहजी आत येऊ देत नाही.

अशा जाती ओळखण्यासाठी आपल्याकडे टी. व्ही. देशिकाचारी यांचा १९५९ चा ‘सायनोफायटा’ हा ग्रंथ आजही उघडला जातो. तो रूपावर आधारलेला आहे: पेशीची रुंदी, तंतूचा आकार, बीजाणूची जागा. अडचण अशी, की हुबेहूब सारखे दिसणारे दोन तंतू जनुकांनी अगदी वेगळे निघतात. नॉस्टॉकसारख्याच दिसणाऱ्या काही शेवाळांची जनुकं वाचल्यावर ती वेगळ्याच कुळीची ठरली आणि २०१९ मध्ये त्यांच्यासाठी नवी प्रजाती मांडली गेली. तिचं नाव ‘देशिकाचार्या’. देशिकाचारींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी याहून चांगलं स्मारक कोणतं झालं असतं!

नवी जात सिद्ध करायची तर चिखलातून एकच तंतू वेगळा काढून तो शुद्ध स्वरूपात वाढवावा लागतो. नत्र नसलेल्या द्रावणात तो तगतो का, हे बघावं लागतं. पेशी मोजायच्या, जनुक वाचायचं आणि ओळखीच्या जातींशी ताडून बघायचं. शेवटी नमुना संग्रहात ठेवायचा, तोही वाळवून किंवा गोठवून, कारण जिवंत वाढता नमुना नामकरणाच्या नियमांना मूळ नमुना म्हणून चालत नाही. यात महिनेच्या महिने जातात, आणि विद्यापीठांच्या मूल्यमापनात या कामाला फारशी किंमत नाही. वर्गीकरण जाणणारी माणसं निवृत्त होतात आणि जागा रिकाम्या राहतात. मला हे घातक वाटतं.

कारण प्रश्न फक्त यादीत एक नाव वाढवण्याचा नाही. बाहेरून आणून टाकलेलं शेवाळ-खत खाचरात अनेकदा टिकत नाही, तिथल्या मूळच्या जाती त्याला हुसकावतात. त्यात कोकणची जांभ्याची जमीन आम्लधर्मी, आणि नील-हरित शेवाळाला सहसा आम्ल मानवत नाही. तरीही इथल्या खाचरात जी जात पिढ्यान्‌पिढ्या तग धरून आहे, तीच कोकणच्या भाताच्या खऱ्या कामाची. तिला ओळखलंच नाही तर वाढवणार काय आणि शेतकऱ्याला देणार काय? युरिया भरपूर पडला की ही शेवाळं नत्र धरणं थांबवतात. तणनाशकांनी तर काही जाती मरतातही. ओळख पटण्याआधीच त्या जाण्याचा धोका आहे.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आणि कर्जतच्या भात संशोधन केंद्राने आपल्या भागातल्या खाचरांमधल्या शेवाळांचा जिवंत संग्रह नीट उभारावा, असेल तर वाढवावा, आणि त्यावर वर्गीकरण जाणणारा माणूस कायम पदावर नेमावा.