रुग्ण एक, नोंदी तीन गावांत

पाटण तालुक्यातील साठीच्या एक आजी लेकीकडे तासगावला आल्या आहेत, असे समजा. न्हाणीघरात पाय घसरला, डोके आपटले. तासाभरात सांगलीच्या सिव्हिलमध्ये अपघात विभागात आणले. रिपोर्टची पिशवी गावाकडेच. जावई सांगतात, ‘बीपीची एक गोळी चालू आहे.’ प्रत्यक्षात दोन वर्षांपूर्वी कराडला त्यांच्या हृदयाची झडप बदलली आहे, रक्त पातळ ठेवणारी गोळी साताऱ्याचे डॉक्टर देतात आणि रक्ताची तपासणी मिरजेच्या प्रयोगशाळेत झाली आहे. मेंदूत रक्तस्राव होऊ लागला तर ही एक गोळी माहीत असणे-नसणे यावर सारे अवलंबून असते.

माहिती आहे, पण तीन संगणकांत विखुरलेली. ती हाती यावी म्हणून दोन वाटा. सगळ्यांच्या नोंदी एकाच कोठारात भरायच्या. किंवा नोंदी जिथल्या तिथे ठेवून प्रश्न तेवढा सगळीकडे पाठवायचा. देशाने दुसरी वाट धरली. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेले आयुष्मान भारत डिजिटल मिशन याच तत्त्वावर उभे आहे. पहिल्या वाटेचा धोका पुढच्याच वर्षी दिसला. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’च्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि एवढ्या मोठ्या रुग्णालयाला कित्येक दिवस कागद-पेनावर यावे लागले.

‘आभा’च्या चौदा आकड्यांत आपले सगळे रिपोर्ट साठवलेले असतात, असा समज केसपेपरच्या रांगेत सर्रास ऐकू येतो. तसे नाही. तो नंबर फक्त कोणती नोंद कोणाची, हे जोडून देतो. डॉक्टर माहिती मागतात, रुग्ण मोबाइलवर संमती देतो, मग कराड, सातारा, मिरज या तिन्ही ठिकाणी मागणी जाते. प्रत्येक संगणक आपल्यापुरता शोध घेतो आणि उत्तर कुलूपबंद करून पाठवतो. समजा, उत्तराला एकाकडून दोन सेकंद, दुसऱ्याकडून पाच आणि तिसऱ्याकडून चाळीस लागतात. एकामागून एक विचारले तर सत्तेचाळीस. एकदम विचारले तर चाळीस. म्हणजे वेग ठरतो तो सगळ्यांत मंद संगणकावर.

उत्तरे जुळण्यासाठी नोंदीचा साचाही एक हवा. एका प्रयोगशाळेत ‘एचबी’, दुसरीत ‘हिमोग्लोबिन’, हे माणसाला कळते, यंत्राला नाही. म्हणून ‘फायर’ नावाच्या आंतरराष्ट्रीय साच्यात प्रत्येक नोंद एक गाठोडे मानली जाते: कोणाची, कोणी लिहिली, कधी, कोणते औषध, किती मात्रा, सगळे एकत्र बांधलेले. गाठोडे कुठूनही आले तरी उघडून वाचता येते.

खरी भीती वेगळीच आहे. कराड आणि मिरजेचे उत्तर आले, साताऱ्याचा संगणक बंद पडला. पडद्यावर शस्त्रक्रिया दिसते, तपासणी दिसते, गोळी दिसत नाही. रात्री दोन वाजता थकलेला निवासी डॉक्टर त्याचा अर्थ ‘गोळी बंद झाली असावी’ असा लावू शकतो. उत्तर न येणे आणि ‘नाही’ असे उत्तर येणे यांत जीव जाण्याएवढे अंतर आहे. त्यामुळे ‘तिघांना विचारले, दोघांनी सांगितले’ हे पडद्यावर ठळक दिसलेच पाहिजे.

त्याहून अवघड प्रकरण न जोडलेल्या नोंदींचे. ज्या दवाखान्यात चिठ्ठी हातानेच लिहिली जाते, तिथे प्रश्न पोहोचतच नाही. बीडहून ऊसतोडीला आलेल्या मजुराच्या बाबतीत बहुधा हेच घडते. आणि रुग्ण बेशुद्ध असेल तर मोबाइलवर संमती देणार कोण? कागदाचाही भरवसा नाहीच. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीतल्या घरांत शिरले, तेव्हा कपाटांतले कागदही भिजले.

केसपेपर काढताना आभा नंबर सांगितला, तर निदान ती नोंद जोडली जाण्याची सोय होते. तोवर रक्त पातळ करणारी गोळी, इन्सुलिन, फिटची गोळी, ॲलर्जी असलेले औषध, एवढ्या चार ओळी लिहिलेली चिठ्ठी मोबाइलच्या कव्हरमागे असावी, आणि ती कुठे आहे हे जावयालाही माहीत असावे.